माशांचा उन्हाळा आणि खाद्यातील जीवनसत्त्वे

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढल्यावर आम्ही 2021 साली चुलतभावाच्या भागीदारीत शेततळ्यातील मत्स्यपालनात रक्कम गुंतविली. या जोडधंद्याकडे आमचे अनेक व्यापारी व कारागीर बंधू आज पाहत आहेत. त्यांच्यासाठी आमचा एक महागात पडलेला तजुर्बा आणि त्यामागचे शास्त्र येथे देत आहोत.

व्यापाऱ्याच्या सवयीप्रमाणे आम्ही दिवाळीनंतर भाव उतरलेला पाहून सहा महिन्यांचे खाद्य एकदम उचलले आणि सुताच्या गोडाऊनमध्ये पत्र्याखाली रचून ठेवले. सूत असते तर काही बिघडले नसते. मे 2022 मध्ये रोहू व कटला पहाटे पाण्यावर तोंड काढू लागले. राखणदार म्हणाला, "शेठ, मासा थकलाय, आता जाळे टाकू नका." आम्ही ऐकले नाही, कारण गिऱ्हाईक दारात उभे होते. जाळे ओढले, मोठा माल विकला, लहान परत सोडला. पुढच्या आठ दिवसांत त्यातला बराच मेला. काहींच्या अंगावर लाल चट्टे होते, खवले निघालेल्या जखमा भरत नव्हत्या, दोन-चारांचा तर कणाच वाकलेला होता. मोहल्ल्यातील एक मुलगा मत्स्यशास्त्र शिकलेला आहे. त्याने पाणी तपासले, मग पोत्यावरची तारीख वाचली आणि म्हणाला, "चाचा, यात क जीवनसत्त्व आता नावालाच उरले असेल."

गोष्ट अशी आहे. गाय, बकरी आपल्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करतात. माणूस करू शकत नाही, आणि आपण पाळतो त्या बहुतेक माशांनाही ते जमत नाही. त्यांना ते खाद्यातूनच मिळावे लागते. हाड, कातडी आणि जखम सांधणारा धागा याच्यावाचून नीट विणला जात नाही. म्हणून कमतरता झाली की कणा वाकतो व जखम उघडी राहते. उन्हाळ्यात तापलेले पाणी प्राणवायू कमी धरते, त्यात दाटी, जाळ्याची ओढाताण, वाहतूक. अशा वेळी माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचा ताणाचा स्राव व साखर वाढते. तो जिथे तयार होतो त्या मूत्रपिंडाच्या डोक्याकडील भागात क जीवनसत्त्वाचा साठा असतो, आणि ताणात तो झपाट्याने खर्च होतो. साठा संपला की प्रतिकारशक्ती ढासळते आणि पाण्यात एरवीही असणारे जंतू डोके वर काढतात.

मातीच्या जुन्या तळ्यात शेवाळ व सूक्ष्म जीव खाऊन मासा आपली गरज काही अंशी भागवितो. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात किंवा पिंजऱ्यात दाटीने मासे ठेवले की ही वरकमाई फारशी राहत नाही. आम्ही नेमके हेच विसरलो होतो.

साधे क जीवनसत्त्व म्हणजे कच्चा रंग. उष्णता, दमट हवा आणि वारा लागला की उडून जाते. खाद्याच्या गोळ्या दाबतानाच त्यातले बरेच जाते, उरलेले गोडाऊनमध्ये. पक्का रंगही मिळतो: फॉस्फेटशी जोडलेले क जीवनसत्त्व. ते पुष्कळ टिकते आणि माशाच्या पोटात गेल्यावर मोकळे होते. भाव जास्त आहे, परंतु धुण्यात उतरणारा रंग स्वस्त घेऊन कोणत्या रंगाऱ्याचे भले झाले?

दुसरे महत्त्वाचे ई जीवनसत्त्व. ते शरीरातील चरबीला खवट होण्यापासून राखते, आणि स्वतः खर्ची पडले की क जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामाला लावते. रेशमाशी संबंध असलेल्यांना हे वाचून नवल वाटेल की जपानमध्ये रेशीम काढून उरलेले कोश-किडे कार्प माशांना घालत असत. त्या किड्यांतील तेल खवट झाले की माशांच्या पाठीचे मांस झडे. या रोगाला तेथे सेकोके म्हणतात. 1960 च्या दशकात तेथील संशोधकांनी दाखविले की खाद्यात ई जीवनसत्त्व घातल्यास तो टळतो. आपल्याकडे भाताचा कोंडा हीच खोडी करतो. त्याला खवट वास आला की तो तळ्यात टाकू नये.

ब-6 वरही काम झाले आहे. मुंबईत वर्सोवा येथील केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेत रोहूच्या बोटुकलीला एन्डोसल्फान या कीटकनाशकाचा त्रास दिला गेला. ज्यांच्या खाद्यात ब-6 वाढविले होते त्यांच्यात ताणाच्या खुणा कमी आढळल्या. (या विषाचे उत्पादन व विक्री सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये थांबविली.)

आता हिशेब. एरवी किलोभर खाद्यात सुमारे 50 मिलीग्रॅम क जीवनसत्त्व पुरते, म्हणजे टनाला केवळ 50 ग्रॅम. ताणावरील प्रयोगांत 500 ते 1000 मिलीग्रॅमपर्यंत दिलेले आहे. मात्र ते आधी, दोन-तीन आठवडे, पोटात जावे लागते. मासा गुदमरू लागला की खाणेच सोडतो, मग पोते ओतून काय उपयोग? घरी पेंड व कोंडा शिजवून खाद्य करणाऱ्यांनी पूड गरम घमेल्यात टाकू नये. निवल्यावर, थोड्या तेलात कालवून, त्याच दिवशी खाऊ घालावे. अ आणि ड जीवनसत्त्वे शरीरात साठून अपाय करतात, ती अंदाजाने वाढवू नयेत.

आणि जीवनसत्त्व हा घाण पाण्याचा इलाज नव्हे, हे विकणारा सांगत नाही. प्राणवायू कमी असेल तर हवा देणारे यंत्र लावावे, दाटी कमी करावी. नायट्राइट वाढून रक्त तपकिरी झाले तर साधे मीठ उपयोगी पडते, कारण त्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. हे सर्व केल्यावर जो ताण उरतो तेवढाच खाद्याने सोसवतो.

हल्ली आम्ही खाद्य महिन्याच्या महिन्याला घेतो, भाव चार पैसे जास्त पडला तरी. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, कौलांच्या खोलीत ठेवतो. जाळे टाकायचे असेल तर तीन आठवडे आधी पक्क्या क जीवनसत्त्वाचे खाद्य सुरू करतो, आणि तारीख राखणदाराला विचारून ठरवितो.