फरशीच्या आधीचे आठ दिवस

बजाजनगरमधल्या आमच्या रो-हाउसच्या वरच्या मजल्यावरचं बाथरूम मी दोनदा केलं. पहिल्यांदा काम दोन दिवसांत उरकलं. पाच महिन्यांनी खालच्या स्वयंपाकघराच्या छताला ताटाएवढा पिवळा डाग उमटला. पावसात तो वाढला नाही आणि कोरड्या दिवसांत आटलाही नाही. तेव्हा कळलं, हे पाणी आभाळाचं नाही, आमच्याच आंघोळीचं आहे.

आमच्या रांगेत भिंती सामाईक. महिनाभरात शेजारच्या काकूंच्या देवघराच्या भिंतीचे पोपडे सुटू लागले. काकू एका शब्दानं बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त देवांच्या तसबिरी काढून समोरच्या भिंतीला लावल्या. ते बघून जिवाला लागलं, म्हणून हे लिहितोय.

घरात लग्न होतं आणि माझी कंपनीत दुसरी पाळी चालू होती. मिस्त्री म्हणाला, "जुनी फरशी कशाला फोडता साहेब? वरूनच नवी बसवू." मी हो म्हटलं. जुन्या गुळगुळीत फरशीवर वाळू-सिमेंटचा मसाला पडला, त्यावर व्हिट्रिफाइड टाइल. ही टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, त्यामुळे साधं सिमेंट तिच्या पाठीला नीट चिकटत नाही. चार-पाच टाइल नाण्यानं ठोकल्या तर पोकळ वाजायच्या. सांध्यांतून उतरलेलं पाणी त्या पोकळीत साचत होतं आणि जुन्या तड्यांतून फरशीखालच्या कोब्यात मुरत होतं. टाइल लावली की गळती थांबते, असं आपण धरून चालतो. पाणी अडवतो तो टाइलखालचा थर, आणि आमच्याकडे तो नव्हताच.

दुसऱ्या वेळी सुट्टी काढली आणि स्वतः उभा राहिलो. सगळं स्लॅबपर्यंत फोडलं. विटांच्या तुकड्यांचा कोबा निघाला तो चिंब ओला. स्लॅब तारेच्या ब्रशनं घासून धुतला. सांडपाण्याच्या पाइपांची तोंडं बंद करून त्यांत रात्रभर पाणी भरून ठेवलं, कारण गळका जॉइंट खाली राहिला तर वरचा सगळा खर्च वाया. मग भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात मसाल्याचा गोलसर वाटा मारून घेतला. काटकोनात पाणी अडवणारं कोटिंग लवकर चिरतं. नहाणी ट्रॅपभोवती आणि स्लॅबमधून उतरणाऱ्या पाइपांभोवती न आकसणारं ग्राउट ठासलं. मला विचाराल तर मिस्त्रीच्या खांद्याशी उभं राहायचं ते या जागी. कोटिंगचे दोन हात दिले, पहिला आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा. भिंतीवर फूटभर चढवलं, शॉवरच्या बाजूला सहा फूट.

कोटिंग डब्यावर लिहिलं होतं तितके दिवस वाळू दिलं. मग ट्रॅपचं तोंड बंद केलं, दारात विटांचा बांध घातला, दोन इंच पाणी भरलं आणि पातळीची खूण पेन्सिलीनं भिंतीवर केली. ४८ तास. कंपनीत गळतीची चाचणी झाल्याशिवाय आम्ही एक पार्ट पुढे सोडत नाही, आणि घरच्या कामात हीच पायरी गाळली होती. या दिवसांत मिस्त्रीचा रोज बुडतो म्हणून तो घाई करतो. त्याचं काही चुकत नाही, त्यालाही घर आहे. थांबण्याच्या दिवसांचे पैसे आधीच ठरवून टाका, मग घाई होत नाही.

छत कोरडं राहिलं, तेव्हा कोबा भरला. उतार कोब्यातच काढायचा, टाइलखाली मसाला कमीजास्त करून नव्हे. फुटाला साधारण चार मिलिमीटर, म्हणजे पाच फुटांत दोन सेंटिमीटर. त्यावर पुन्हा कोटिंग दिलं आणि बादलीभर पाणी ओतून ते कुठे रेंगाळतं का ते बघितलं. टाइल लागल्या त्या नवव्या दिवशी, दातेरी थापीनं ओढलेल्या अॅडहेसिव्हवर, सांध्यात इपॉक्सी भरून. बाथरूमची जमीन खोलीपेक्षा इंचभर खालीच ठेवली.

आता दादाला पैठण तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात, लाकडी कडीपाटाच्या मजल्यावर न्हाणी करून टाइल लावायची आहे. आईला जिना उतरवत नाही, त्यामुळे त्याची निकड खरी आहे. पण स्लॅब जागचा हलत नाही. लाकूड पायाखाली लवतं आणि ओलीनं फुगतं. टाइल दोन्ही सोसत नाही. नुसता दोन इंच मसाला चौरस मीटरला शंभर किलो होतो. अमेरिकेत बहुतेक घरं लाकडाचीच असतात. तिथे टाइलसाठी तुळईचा झोल लांबीच्या ३६०व्या भागापुरताच चालवून घेतात, म्हणजे दहा फुटांना साडेआठ मिलिमीटर. त्यावर सिमेंट बोर्ड स्क्रूनं आवळतात, मग पाणी अडवणारा थर आणि मग टाइल. आपल्या कडीपाटावर आधी मातीचा थर उतरवावा लागेल आणि प्रत्येक कडी तपासावी लागेल.

रविवारी मी दोरी आणि पेचकस घेऊन जातोय. दोरी ताणून झोल मोजायचा. कडीचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे ओल धरते, तिथे पेचकस टोचून बघायचा. तो सहज आत घुसला, तर न्हाणी खाली आणि आईची खोलीही खालीच, असं मी दादाला सांगून ठेवलंय.