शक्ती कोठे हरवते? जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या तपासणीचा एक पाठ

आमच्या शाळेच्या पडवीत एक जुनी टू-स्ट्रोक स्कूटर उभी आहे. माजी विद्यार्थ्यांना ती आठवत असेल. तालुक्याच्या बाजारातील भाजी, टपाल, पुस्तकांचे गठ्ठे आणि प्रसंगी आजारी मूल, हे सारे तिने वाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका पावसाळी संध्याकाळी तापाने फणफणलेल्या सातवीतील मुलाला घेऊन आम्ही दवाखान्याकडे निघालो. घाटाच्या पहिल्याच वळणावर गाडीचा जोर संपला. पहिल्या गिअरमध्येही दोघांचे ओझे तिला ओढवेना. मूल खाली उतरले आणि गाडी ढकलणाऱ्या आमच्या मागून पायी चालत आले. दवाखाना गाठला, मूल बरेही झाले. परंतु तापातल्या त्या मुलाची पावले आम्हांस विसरता आली नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून निदाने सुरू झाली. कोणी म्हणाले, गाडी म्हातारी झाली. कोणी म्हणाले, ती जात्याच मंद. एका कारागिराने काहीही न खोलता सांगून टाकले की बोअर गेला आहे, नवा पिस्टन बसवा. संस्थेचा पैसा हा पालकांच्या आणि दात्यांच्या घामाचा पैसा. तो केवळ तर्कावर खर्च करणे आम्हांस मान्य नव्हते. शिवाय इतिहासाच्या अभ्यासकाला एवढे तरी ठाऊक असते की ऐकीव माहिती म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून नववीच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन आम्ही दोन रविवार या इंजिनाची तपासणी केली. ज्यांच्या घरी अशी जुनी स्कूटर, मोपेड किंवा टू-स्ट्रोक फवारणी पंप आहे, त्यांना ही पद्धत उपयोगी पडावी.

प्रथम इंजिनाचे कार्य समजून घेऊ. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यास एकदा स्फोट होतो. पिस्टन वर जाताना त्याच्याखालच्या बंद पेटीत हवा, पेट्रोल आणि ऑइल यांचे मिश्रण ओढले जाते. तो खाली येताना तेच मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलले जाते आणि जळालेला वायू बाजूच्या वाटेने सायलेंसरमध्ये जातो. म्हणून जोरासाठी पाच गोष्टी लागतात : योग्य मिश्रण, पुरेसा दाब, वेळेवर पडणारी ठिणगी, हवाबंद क्रँकपेटी आणि जळालेल्या वायूला बाहेर पडण्याची मोकळी वाट. यांपैकी एक जरी बिघडली तरी गाडी ओढत नाही.

तपासणीचा पहिला प्रश्न पान्याचा नसतो, काळाचा असतो : हे केव्हापासून? जोर एकाएकी गेला असेल तर कचरा, ठिणगी किंवा तुटलेला भाग यांचा संशय घ्यावा. तो महिनोन्महिने हळूहळू कमी झाला असेल तर झीज किंवा काजळी पाहावी. गाडी थंड असताना चालते आणि तापल्यावर मरते, की सुरुवातीपासूनच मंद असते? चढावरच अडते, की सपाटीवरही? मुलांनी शाळेतील सर्वांना विचारून वहीत नोंदी केल्या. उत्तर एकच आले : सुमारे वर्षभरात, हळूहळू.

दुसरी पायरी म्हणजे दोष इंजिनाचाच आहे याची खात्री करणे. गाडी स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवावे. ब्रेक घासत असेल तर तेथेच कळते. टायरमधील हवा पाहावी. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे असेल तर क्लच घसरतो आहे. आमच्या गाडीत यांपैकी काहीही नव्हते.

तिसरी पायरी इंधनाची. काही अंतर गेल्यावर गाडी गुदमरत असेल आणि टाकीचे झाकण सैल करताच सुधारत असेल, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. पेट्रोलची नळी काढून धार अखंड येते का ते पाहावे. नंतर कार्बोरेटरचे जेट आणि एअर फिल्टर स्वच्छ करावेत. हे काम उघड्या जागी, इंजिन थंड असताना, विडी-काडी दूर ठेवूनच करावे. आमच्या गाडीची धार चांगली होती. फिल्टर धुतल्याने किंचितच फरक पडला.

चौथा साक्षीदार स्पार्क प्लग. त्याचे टोक तांबूस-तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. टोक पांढुरके, भाजल्यासारखे असेल तर मिश्रण पातळ आहे. कोठून तरी बाहेरची हवा शिरत असेल, आणि अशी गाडी दामटली तर पिस्टन जाम होण्याचे भय असते. ओले, तेलकट काळे टोक म्हणजे ऑइल जास्त. आमचा प्लग तेलकट काळा निघाला. आता शक्यता दोन होत्या : क्लचच्या बाजूचे ऑइल सील फाटून गिअरचे ऑइल आत जात असेल, किंवा पेट्रोलमध्येच ऑइल जास्त पडत असेल. गिअर ऑइलची पातळी कमी झालेली नव्हती. म्हणून सीलवरचा संशय मागे पडला.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग बाहेर काढून, प्लगच्या छिद्रापासून दूर, इंजिनाच्या धातूला टेकवून किक मारली. ठिणगी निळी आणि खणखणीत होती. पॉइंटमधील अंतर फीलर गेजने मोजले, ते 0.4 मिलिमीटरच्या आसपास होते, म्हणजे योग्य. मग मागून आणलेला दाबमापक प्लगच्या जागी लावला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवला आणि काटा स्थिर होईपर्यंत किक मारली. दाब चांगला निघाला. तो कमी असता तर छिद्रातून थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजले असते. दाब वाढला तर दोष रिंग आणि बोअरचा, न वाढला तर हेडच्या बाजूने गळती शोधावी. ज्या बोअरसाठी आम्ही खर्च करणार होतो, तो निर्दोष होता.

उरली बाहेर पडण्याची वाट. सायलेंसर उतरवला तेव्हा एक मुलगा वाकून म्हणाला, "सर, इथे तर भिंतच झाली आहे." सिलिंडरची धूर जाण्याची वाट काजळीने निम्मी बुजली होती. जळालेला वायू बाहेर पडेना, म्हणून नवे मिश्रण आत येईना. पिस्टनने वाट झाकली जाईल अशा स्थितीत तो आणून, लाकडी पट्टीने काजळी खरवडली, म्हणजे कण आत पडत नाहीत आणि पिस्टनवर ओरखडेही उठत नाहीत. सायलेंसर गॅरेजमध्ये तापवून मोकळा करून घेतला.

परंतु काजळी हे शेवटचे कारण नव्हते. ती आली कोठून? या गाडीस एका लिटर पेट्रोलला 20 मिली ऑइल पुरते. गेले वर्षभर आम्हीच, जुनी गाडी आहे, जपली पाहिजे, म्हणून अंदाजाने दुप्पट ओतत होतो. आमच्या मायेनेच तिचा श्वास कोंडला होता. वहीच्या शेवटच्या पानावर मुलांनी हे कारण लिहिले आणि त्याखाली आमची सही घेतली.

पुढच्या रविवारी त्याच घाटात, त्याच वळणावर, दोघांना घेऊन स्कूटर दुसऱ्या गिअरमध्ये चढून गेली. खर्च एका प्लगचा आणि सायलेंसर तापवण्याचा झाला.

वय झाले, जात्याच मंद आहे, ही निदाने नव्हेत. ती चौकशी थांबवण्याची वाक्ये आहेत. त्यानंतर आमच्या शिक्षकसभेत एखाद्या मुलाविषयी असे वाक्य निघाले, की कोणीतरी विचारतेच : हे केव्हापासून? आणि वही उघडली जाते. वाट कोठे बुजली आहे आणि ती बुजवण्यात आपला हात किती आहे, हे पाहिल्याशिवाय ती वही मिटत नाही.

पडवीत स्कूटरशेजारच्या खिळ्याला आता 20 मिलीचे एक माप टांगलेले आहे. शाळेस भेट द्याल तेव्हा अवश्य पाहावे.