इंजिनाचे फेरे वाढवावेत का?

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाताना साखरप्याच्या पुढे आंबा घाट लागतो. चढावर चालक खालचा गिअर टाकतो, इंजिनाचा आवाज चढतो आणि रेंगाळलेली गाडी जोमाने वर जाऊ लागते. ते पाहून पुष्कळांची समजूत होते की, फेरे वाढले म्हणजे शक्ती वाढलीच. आजच्या पेट्रोल मोटारींत फेऱ्यांनी ठरावीक आकडा गाठला की नियंत्रक यंत्रणा इंधन तोडते. ही मर्यादाच वर सरकवली तर? विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न चांगला आहे. उत्तर गणितानेच काढू.

इंजिनाची शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. टॉर्क म्हणजे दांडा फिरवणारा पीळ. तो कायम राहिला तर फेऱ्यांच्या प्रमाणात शक्ती वाढेल. पण तो कायम राहत नाही.

पूर्वी मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी घ्या. टॅक्सी म्हणून तिने २०२३ मध्ये मुंबईचा निरोप घेतला. तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे. सुमारे ४० अश्वशक्ती ही तिची कमाल शक्ती, दर मिनिटास सुमारे ४८०० फेऱ्यांना मिळे. म्हणजे सेकंदाला ८० फेरे. त्या वेगात दट्ट्याला वरून खाली येण्यास सेकंदाचा १६० वा भागच मिळतो. तेवढ्यात झडपेतून पुरेशी हवा आत आली पाहिजे. फेरे आणखी वाढले की हवा अपुरी पडते, घर्षण वाढते आणि टॉर्क फेऱ्यांच्या वाढीपेक्षा वेगाने घसरतो. मग आवाज वाढतो, शक्ती मात्र उतरते.

आता किंमत पाहू. दट्ट्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबून उलट फिरतो. सरल आवर्त गतीचे सूत्र लावले तर टोकाशी त्याचे त्वरण कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या इतके असते. पद्मिनीच्या दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर, म्हणून त्रिज्या ३७.५ मिलिमीटर. ४८०० फेऱ्यांना त्वरण येते गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ९७० पट! दट्ट्या ३०० ग्रॅमचा धरला, तर कनेक्टिंग रॉडवर सुमारे २९० किलोग्रॅम वजनाइतकी ओढ बसते. फेरे ६००० केले, म्हणजे केवळ सव्वापट, तर ही ओढ सुमारे ४५० किलोग्रॅमवर जाते. वर्गाचा हा हिशेब आहे. प्रत्यक्षात रॉडच्या तिरपेपणामुळे वरच्या टोकाला ती आणखी जास्त असते. शिवाय झडपांच्या स्प्रिंगा वेळेत मागे येऊ शकल्या नाहीत, तर उघडी झडप दट्ट्यावर आदळण्याचा धोका असतो.

मग मर्यादा कधीच वाढवू नये का? तसे नाही. गिअर बदलला की फेरे खाली येतात. कमाल शक्तीच्या थोडे पुढे गेल्यावरही मिळणारी शक्ती, गिअर बदलल्यावर मिळणाऱ्या शक्तीपेक्षा जास्त असेल, तर थोडा वेळ त्याच गिअरमध्ये राहणे फायद्याचे ठरते. शर्यतीच्या मोटारींत हे साधले जाते. पण त्यासाठी दट्ट्याची धाव आखूड, दट्टे हलके, स्प्रिंगा ताठ आणि हवेचे मार्ग मोठे केलेले असतात. नुसता आकडा बदलून ते होत नाही.

आंबा घाटाच्या चढावर गाडीला बळ मिळाले, ते गिअरने चाकांवरचा पीळ वाढवला म्हणून आणि इंजिन शक्तीच्या योग्य टप्प्यात आले म्हणून. उताराची गोष्ट मात्र वेगळी. वेगात असताना चुकून फार खालचा गिअर पडला, तर चाकेच इंजिनाला फिरवतात. तिथे इंधन तोडणारी मर्यादा वाचवू शकत नाही.

शेवटी एक उदाहरण सोडवा. दट्ट्याची सरासरी चाल म्हणजे धावेची दुप्पट गुणिले सेकंदाचे फेरे. पद्मिनीसाठी ४८०० फेऱ्यांना ती काढा. मारुती ८०० ची धाव ७२ मिलिमीटर आणि कमाल शक्ती ५००० फेऱ्यांना, तिच्यासाठीही काढा. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवा आणि ती अशी का आली, याचा वर्गात विचार करा.