शेवटी राहिलेले पर्व

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १ एप्रिल १९१९ रोजी एका प्रचंड कार्यास आरंभ झाला. महाभारत शेकडो वर्षे हातांनी उतरवले जात होते. उतरवणाऱ्यांपैकी कोणी शब्द बदलला, कोणी श्लोक गाळला, तर कोणी एखादे नवे आख्यान मध्येच घातले. काश्मिरातील शारदा लिपीची पोथी एक सांगे, तर केरळातील मलयाळम लिपीची पोथी दुसरेच सांगे. अशा सर्व पोथ्या एकमेकींशी ताडून पाहून, पुराव्याने सिद्ध होईल तितका जुना पाठ निश्चित करावयाचा, असा हा संकल्प होता. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले.

१९२५ मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर या कार्याचे प्रमुख संपादक झाले. त्यांनी केंब्रिज येथे गणिताचे आणि बर्लिन येथे संस्कृत विद्येचे अध्ययन केले होते. गणिती मनुष्याची शिस्त त्यांनी पोथ्यांच्या कामास लावली. प्रत्येक श्लोकासाठी एक स्वतंत्र तक्ता असे. त्याच्या माथ्यावर श्लोकाचे एकेक अक्षर सुटे करून लिहावयाचे. खाली प्रत्येक पोथीसाठी एक आडवी ओळ. पोथीतील जे अक्षर वेगळे आढळेल, तेवढेच त्या त्या अक्षराखाली नोंदवावयाचे. तंजावर आणि शांतिनिकेतन येथेही काही पोथ्या याच रीतीने ताडल्या जात. पोथी कोठेही वाचली गेली, तरी नोंद एकाच साच्यात पुण्यास येई. या कामी एकूण १२५९ पोथ्या धुंडाळण्यात आल्या.

पाठ निश्चित करतानाही नियम कडक होते. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, ही कथा कोणास ठाऊक नाही? परंतु अनेक महत्त्वाच्या पोथ्यांत ती नाही, असे दिसून आले. म्हणून ती मुख्य संहितेत न ठेवता परिशिष्टात छापली गेली. आवडती कथा म्हणून तिला सवलत मिळाली नाही. आणि ती फेकूनही दिली गेली नाही. जेथे पाठाविषयी संपादकास खात्री वाटत नसे, तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ काढलेली असे. आपला संशय असा उघडपणे छापून दाखविण्यास थोडे धैर्यच लागते.

२१ जानेवारी १९४३ रोजी सुकथनकरांचे निधन झाले. तोपर्यंत आदि, आरण्यक, विराट आणि उद्योग ही चारच पर्वे पूर्ण छापून झाली होती. चौदा पर्वे उरली होती, आणि त्यांत शांतिपर्वासारखे अफाट पर्व होते. सेनापती पडला की सैन्य पांगते, हे महाभारत वाचणाऱ्यास सांगावयास नको. येथे तसे घडले नाही. कामाची रीत एकाच माणसाच्या डोक्यात राहिलेली नव्हती. ती तक्त्यांवर उतरली होती. आदिपर्वाच्या विस्तृत प्रस्तावनेत सुकथनकरांनी ती नियमवार मांडून ठेवली होती.

डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनी धुरा उचलली. निरनिराळी पर्वे निरनिराळ्या विद्वानांकडे होती : सभापर्व अमेरिकेतील फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे, द्रोणपर्व बंगालचे सुशीलकुमार डे यांच्याकडे, कर्णपर्व डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्याकडे. साहजिकच पर्वे क्रमाने पूर्ण झाली नाहीत. सौप्तिकपर्व आधी छापले गेले, आणि त्याच्या पूर्वीचे द्रोणपर्व १९५८ मध्ये. अशा वेळी सर्वांची खूणचिन्हे, टीपा आणि नियम एकसारखे राखणे हेच मोठे कष्टाचे काम असते. ते वाचकाच्या नजरेस येत नाही. राहून गेले, तर मात्र तत्काळ येते.

१९६१ मध्ये प्रमुख संपादकपद डॉ. वैद्य यांच्याकडे आले, तेव्हा मुख्यतः एक अनुशासनपर्व उरले होते. शरशय्येवर पडलेला भीष्म युधिष्ठिरास दानधर्म सांगतो, ते हे पर्व. सतरा पर्वे झाली, आता एवढ्याकरिता किती अडून बसावयाचे, असे कोणाच्याही मनात आले असते. परंतु उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील पोथ्यांत येथे फार अंतर पडते. दक्षिणेच्या पोथ्यांत पुष्कळ मजकूर अधिक आहे. पहिल्या पर्वास लावलेली कसोटीच त्यासही लावणे भाग होते. डॉ. रामचंद्र नारायण दांडेकर यांनी ते संपादित केले, आणि १९६६ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

२२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते पुण्यास समाप्तीचा समारंभ झाला. आरंभाच्या दिवशी उपस्थित असलेले बहुतेक वडीलधारे तो पाहावयास उरले नव्हते. समारंभ झाला, तरी मंदिरातील मेजे मात्र मोकळी झाली नाहीत. महाभारताचे खिल मानलेले हरिवंश अद्याप व्हावयाचे होते. शिवाय श्लोकांच्या चरणांची सूची हवी होती. तिच्यावाचून हजारो पृष्ठांत हवा तो श्लोक सापडावा कसा? ती सूची सहा खंडांत १९७२ पर्यंत छापून पूर्ण झाली.