कोस आणि तास

बदलापूर या नावाविषयी एक कथा सांगतात. मराठ्यांच्या राज्यात सुरतेच्या बाजूने घाटावर जाणारे घोडेस्वार येथे थांबत, थकलेले घोडे बदलीत आणि ताज्या घोड्यांवर स्वार होऊन पुढच्या मार्गाला लागत. म्हणून हे बदलापूर. या कथेची सत्यता पारखणे हे इतिहासकारांचे काम होय. परंतु तिच्यातून एक गोष्ट चांगली कळते. त्या काळी माणसे अंतर कोसांत मोजीत, आणि घोडा दमला की तेथे मुक्काम पडे. आज त्याच गावच्या मनुष्याला मुंबई किती दूर आहे असे विचारले, तर तो कोसही सांगत नाही आणि किलोमीटरही सांगत नाही. "जलद गाडीने दीड तास," असे तो सांगतो. अंतर तेच राहिले. माप मात्र बदलले.

हे नवे माप रेल्वेने आणले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला, आणि १८५६ साली तो बदलापूर, नेरळ या बाजूने बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत गेला. कल्याण सोडल्यावर या मार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके ओळीने लागतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ सुमारे ६० किलोमीटर आणि बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर दूर आहे. ही गावे एकमेकांना लागून असली, तरी तेथील माणसांच्या दिवसाची घडण सारखी नाही. कारण घर आणि काम यांच्यामधील अंतर प्रत्येक गावात निराळ्या रीतीने पडले.

यांपैकी अंबरनाथचे नाव फार जुने. वालधुनी नदीच्या काठी असलेले तेथील शिवमंदिर शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळात, इ. स. १०६० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या भिंतींवरील शिल्पे पाहण्यास आजही दुरून लोक येतात. विसाव्या शतकात मात्र या गावाला वेगळी ओळख मिळाली. येथे प्रथम आगपेट्यांचा कारखाना निघाला. तो आज चालू नाही. पुढे शस्त्रसामग्रीचा सरकारी कारखाना आला, त्याच्या कामगारांसाठी वसाहत उभी राहिली, आणि नंतर औद्योगिक क्षेत्र वसले. जेथे कारखान्याशेजारी वसाहत असते, तेथील कामगार पायी किंवा सायकलवरून कामाला जातो, आणि सुट्टी झाल्यावर दिवेलागणीपूर्वी घरी परततो. मुलांचा अभ्यास, शेजाऱ्याची विचारपूस, बाजारहाट या गोष्टींना त्याच्या दिवसात आपोआप जागा मिळते.

उल्हासनगरची हकीकत अधिक विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैन्याची मोठी छावणी होती. युद्ध संपले, बराकी ओस पडल्या. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना या बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. घर, शेतीवाडी, दुकान सारे मागे टाकून आलेल्या या लोकांनी दूरच्या नोकरीची वाट पाहिली नाही. बराकीच्या एका भागात संसार आणि दुसऱ्या भागात उद्योग, असा त्यांनी प्रारंभ केला. कोणी पापड लाटले, कोणी शिवणयंत्र चालवले, कोणी लाकडी सामानाचे दुकान थाटले. आजही उल्हासनगरातील निरनिराळ्या भागांना लोक 'कॅम्प' असेच म्हणतात, आणि तेथील कपड्यांच्या व लाकडी सामानाच्या बाजारपेठांत मुंबईची गिऱ्हाइके येतात. मुंबईला कामासाठी जाण्याऐवजी मुंबईलाच आपल्या दारी बोलावणारे नगर, असे त्याचे वर्णन केल्यास ते फारसे चुकणार नाही. अर्थात येथूनही हजारो लोक रोज नोकरीसाठी गाडी पकडतातच.

परंतु काम दारी आले, तसा त्याचा त्रासही दारी आला. सुमारे १३ चौरस किलोमीटर जागेत २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून अधिक माणसे राहत होती. म्हणजे एका चौरस किलोमीटरात अडतीस हजारांहून अधिक! वस्ती इतकी दाट झाली म्हणजे खेळायला मैदान आणि चालायला रस्ता या साध्या गोष्टीही दुर्मीळ होतात. ज्या वालधुनीच्या काठी शिलाहारांनी मंदिर बांधले, तीच नदी पुढे उल्हासनगरातून वाहते. कारखान्यांच्या सांडपाण्याने आणि कपडे धुण्यारंगविण्याच्या उद्योगांनी तिचे पाणी काळवंडले. तेव्हा प्रवास वाचला की सर्व सुख मिळाले, असे समजण्याचे कारण नाही.

बदलापूरचा ओघ याच्या उलट आहे. उल्हास नदी, समोर दिसणारा चंदेरीचा डोंगर, जांभळांची झाडे आणि मोकळी हवा यांमुळे हे गाव मुंबईकरांच्या मनात भरले. त्याहीपेक्षा, मुंबईत एका खोलीला जी किंमत पडे तिच्यात येथे दोन-तीन खोल्यांचे घर मिळू लागले. २००१ साली कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती. २०११ साली ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. घरे भराभर वाढली. त्या मानाने कामे वाढली नाहीत. ती मुंबईतच राहिली. नव्या घरांच्या जाहिरातींत 'स्थानकापासून पाच मिनिटे' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. तेवढे खरेही असते.

त्या पाच मिनिटांच्या पुढचा हिशेब प्रत्येकाने एकदा कागदावर मांडून पाहावा. गाडीचा दीड तास. दोन्ही टोकांचे चालणे आणि गाडीची वाट पाहणे यांचा अर्धा तास. जाण्याचे दोन तास आणि येण्याचे दोन तास मिळून दिवसाचे चार तास झाले. वर्षात कामाचे तीनशे दिवस धरले, तर बाराशे तास होतात. बाराशे तास म्हणजे पन्नास दिवस आणि पन्नास रात्री. तीस वर्षे नोकरी करणाऱ्या मनुष्याची या हिशेबाने चार वर्षांहून अधिक काळ गाडीच्या वाटेवर जातो. मोठ्या घरासाठी त्याने जी किंमत दिली, तिचा हा भाग खरेदीच्या कागदावर कोठेच लिहिलेला नसतो.

आणि हे तास बसून जातात असेही नाही. सकाळच्या गाडीत जागा मिळावी म्हणून काही प्रवासी प्रथम उलट दिशेने, म्हणजे अंबरनाथहून बदलापूरला जातात, आणि त्याच गाडीत बसून मुंबईकडे निघतात. तिघांच्या बाकावर चौथा मनुष्य अर्धा टेकतो. त्या टेकण्यालाही 'चौथी सीट' असे नाव आहे, आणि तिच्यावरून भांडणेही होतात व मैत्रीही जुळते. माणसाचा स्वभाव असा की जेथे चार तास काढायचे तेथे तो घर मांडतोच. कोणी टाळ घेऊन भजन म्हणतात. स्त्रिया परतीच्या वाटेवर भाजी निवडतात. दसऱ्याच्या सुमारास डब्याला तोरणे बांधतात. ही हौस मोठी गोड आहे. तथापि चांगली सोबत मिळाली म्हणून गेलेली संध्याकाळ परत येत नाही.

या प्रवासात जिवालाही धोका असतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. गाड्या बंद पडल्या आणि असंख्य माणसांना ती रात्र कचेरीत, स्थानकात किंवा रस्त्यावर काढावी लागली. घर जितके दूर, तितकी काळजी मोठी. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान गर्दीच्या गाड्यांच्या दारांतून काही प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींचे प्राण गेले. दाराशी उभे राहणारा प्रत्येक मनुष्य बेफिकीर असतो असे नाही. पुष्कळदा त्याला आत शिरायला जागाच नसते.

मोठे शहर म्हणजे लांबचा प्रवास आणि लहान शहर म्हणजे जवळचे काम, अशी सरळ वाटणी कोणी करील. सांगली, सातारा यांसारख्या ठिकाणी कचेरीतील मनुष्य दुपारी घरी येऊन जेवू शकतो, हे खरे. मुंबईत १८९० च्या सुमारास डबेवाल्यांची संस्था निर्माण झाली, ती माणूस जेवायला घरी येऊ शकत नाही म्हणूनच. तेव्हा जेवणाने माणसाकडे जावे लागले. परंतु याच मुंबईत लालबाग, परळ या भागाला गिरणगाव म्हणत, आणि तेथील चाळींतला कामगार भोंगा वाजला की पायी गिरणीत पोहोचत असे. शहर अवाढव्य होते. त्याची वाट मात्र लहान होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. पुढे एकेक गिरणी बंद पडली, तिच्या जागी उंच इमारती आल्या आणि कामगारांची अनेक कुटुंबे दूरच्या उपनगरांत राहावयास गेली. उलट पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई; ते पसरत गेले, तशा सायकली मागे पडल्या आणि सिग्नलपाशी थांबणाऱ्या वाहनांच्या रांगा लांबल्या. यावरून दिसते की शहराचा आकार हे अर्धेच कारण आहे. खरा प्रश्न घराचा उंबरठा आणि कामाची जागा यांच्यामध्ये किती तास पडतात, हा होय.

२०२० साली या प्रश्नाला एक अनपेक्षित उत्तर मिळाले. करोनाच्या साथीमुळे मार्चमध्ये लोकलगाड्या थांबल्या. पुष्कळांची कचेरी घरातल्या मेजावर आली, आणि सकाळी घाईने निघून रात्री परतणारे आईवडील मुलांना दिवसभर घरी दिसू लागले. परंतु रुग्णालयातील परिचारिकेला किंवा पालिकेच्या सफाई कामगाराला असे घरी बसून काम करता येणे शक्य नव्हते. गाड्या बंद असताना तीही माणसे एस. टी. च्या बसने मुंबईला जात राहिली, आणि त्या वाटेला गाडीहून अधिक वेळ लागे. ज्यांच्यावाचून शहर चालत नाही, त्यांतील कित्येकांची घरे शहरापासून सर्वांत दूर असतात, ही गोष्ट त्या वेळी अनेकांच्या प्रथमच ध्यानात आली.

कल्याण ते बदलापूर आणखी दोन लोहमार्ग टाकण्याचे काम हाती घेण्यात आले आहे, आणि अंबरनाथ व बदलापूर यांच्या मध्ये चिखलोली येथे नवे स्थानक योजिले आहे. त्याने गर्दी काही अंशी हटेल. तथापि चेझारे मार्केत्ती या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली एक मार्मिक विचार मांडला होता. मनुष्य पायी चालो वा गाडीने जावो, तो दिवसाचा सुमारे एक तास प्रवासाला देतो. वाहन जलद झाले म्हणजे तो वेळ वाचवीत नाही, तर आणखी दूर जाऊन राहतो. बदलापूरकराने हा एक तास केव्हाच ओलांडला आहे. आणि त्याच्याही पलीकडे वांगणी, शेलू, नेरळ येथे नव्या इमारती उठत आहेत.

याच मार्गावर सकाळी उलट दिशेनेही काही माणसे येतात. कल्याण आणि उल्हासनगर येथून निघालेले कामगार अंबरनाथ व बदलापूर येथील औद्योगिक क्षेत्रांत कामाला जातात. त्यांचा प्रवास पंधरा-वीस मिनिटांचा. समोरच्या फलाटावर मुंबईच्या गाडीसाठी दाटी झालेली असते, आणि यांच्या गाडीत खिडकीजवळची जागा रिकामी असते.