रतामाच्या झाडाखालून पुन्हा कामाकडे

वाचन : १ राजे १९:१-२१



कर्मेल डोंगरावर जय मिळवलेला एलीया पुढच्याच अध्यायात रतामाच्या झाडाखाली बसून मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. दूत त्याला भाकर व पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. प्रश्न विचारला जातो तो नंतर, होरेबावर. काम त्याहून नंतर. पण काम मिळते, आणि अलीशासारखा सोबतीही मिळतो. हा भाग आपल्या उपदेशांत बहुधा राहून जातो.

मला तो तेलगावजवळच्या एका पारधी कुटुंबाने शिकवला. घरच्या माणसाला आवाज ऐकू येत. सरकारी दवाखान्यातल्या औषधांनी काही महिन्यांत तो शांत झाला. दसऱ्याच्या सुमारास मुकादम उचल वाटू लागला तेव्हा याचे नाव वगळले. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. बायको म्हणाली, "ताई, माणूस बरा झाला, पण कोयता मोडकाच राहिला की."

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजार धरला आहे. सरकारी नोकराला त्यामुळे संरक्षण मिळते. फडातल्या माणसाचे हजेरीपुस्तकच नाही, तिथे मुकादमाचा शब्द हाच कायदा. म्हणून आम्ही मुकादमाकडेच गेलो. तो वाईट माणूस नव्हता, बुडणाऱ्या उचलीला भीत होता. शेवटी ठरले : यंदा उचल अर्ध्या कोयत्याची, ऊस बायको तोडील, हा मोळ्या बांधील.

राहिली झोप. रात्रीच्या गोळीने पहाटे डोळा उघडत नसे, आणि तोड तर अंधारातच सुरू होते. डॉक्टरांना विचारले, त्यांनी गोळी संध्याकाळी लवकर घ्यायला सांगितली. एवढ्याशा गोष्टीवर रोजगार अडला होता! हे मात्र डॉक्टरांना विचारूनच करावे.

एक कबुली देते. पूर्वी एका प्रार्थनासभेत कोणीतरी एका बहिणीला सांगितले की विश्वास असेल तर गोळ्या टाकून दे. मी गप्प बसले. दोन महिन्यांत ती पुन्हा आजारी पडली. दूताने एलीयाला भाकर दिली तेव्हा ती अविश्वासाची खूण नव्हती, गोळीही नाही. मंडळीच्या फलकावर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवा. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

ते कुटुंब सध्या फडावर आहे. दर महिन्याच्या गोळ्या मंडळीतला एक तरुण दवाखान्यातून घेतो आणि तिकडे जाणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती देतो. त्याने अजून कोयता हाती घेतलेला नाही. मोळ्या मात्र घट्ट बांधतो, असा मुकादमाचा निरोप आहे.