कंटाळ्याची घटका

उसाच्या हंगामात गडमुडशिंगीहून कोल्हापूरला निघालेला मनुष्य ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे अडकला, की त्याचा हात आपोआप मोबाईलकडे जातो. पाच मिनिटांचे रिकामपण त्याला सोसत नाही. वाचकहो, त्या पाच मिनिटांना आपण इतके का भितो?

कंटाळा येणे हे पाप नव्हे. आदरणीय अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) दर गुरुवारी उपदेश करीत. तो रोज करावा, अशी विनंती झाली तेव्हा त्यांनी ती मानली नाही. लोक कंटाळतील, ही त्यांना धास्ती होती, प्रेषित मुहम्मद (स.) हेही याच कारणास्तव वेळ पाहून उपदेश करीत, असे त्यांनी सांगितले. ‘सहीह बुखारी’तील ही हदीस आपल्याकडील लांबलचक भाषणे करणाऱ्यांनी अवश्य वाचावी.

कंटाळ्याचे दुसरे रूप पवित्र कुरआनच्या ‘अल-बकरा’ या अध्यायात, आयत 61 मध्ये दिसते. बनी इस्राईलना रानात ‘मन्न’ आणि ‘सलवा’ विनाकष्ट मिळत होते. एकाच अन्नावर राहणे त्यांना नकोसे झाले. त्यांनी भाजी, काकडी, लसूण, मसूर आणि कांदा मागितला. देणगी पूर्वीसारखीच उतरत होती. पाहणाऱ्यांचे मन मात्र तिच्यावरून उडाले होते.

नमाजमध्ये आपलीही हीच गत होते. दिवसाच्या 17 फर्ज रकअती आणि प्रत्येकीत तीच ‘सूरह फातिहा’. जीभ चालत राहते. मन शेताच्या बांधावर, नाहीतर गोकुळ शिरगावच्या कारखान्यातील पाळीवर असते. यावर नवे शब्द शोधून उपयोग नाही. प्रेषित (स.) प्रत्येक आयतीपाशी थांबून पठण करीत. तसे थांबावे, अर्थ मनात उतरू द्यावा. जुनी आयत त्या दिवशीच्या आपल्या चिंतेला येऊन भिडते.

इमाम गझाली (1058-1111) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये मुराकबा आणि चिंतन यांवर स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत. अल्लाह आपणांस पाहत आहे, हे भान अंतःकरणात जागे ठेवणे म्हणजे मुराकबा. हल्लीच्या सजगतेच्या वर्गांत श्वासाकडे लक्ष द्यावयास शिकवितात. ते चांगलेच आहे. मुराकब्यात ते लक्ष श्वास देणाऱ्याकडे वळते.

‘आले-इमरान’ अध्यायात (आयत 191) उभे, बसलेले आणि पहुडलेले असताना अल्लाहचे स्मरण करणाऱ्या व सृष्टीच्या रचनेवर विचार करणाऱ्यांचा उल्लेख आहे. रस्त्यावरील खोळंबाही त्यातून सुटत नाही. समोरच्या ट्रॉलीतील ऊस वर्ष-दीड वर्षापूर्वी मातीत पुरलेले एक कांडे होता. चिखलपाण्यातून त्यात गोडी कोणी भरली? पहिली काही मिनिटे मन चुळबुळ करील. करू द्यावे.

नमाजची वाट पाहत बसलेला मनुष्य त्या वेळेपुरता नमाजमध्येच असतो, असे हदीसमध्ये आले आहे. आज मगरिबला दहा मिनिटे आधी जावे, मोबाईल घरी ठेवावा आणि नुसते बसून पाहावे.